मत मागावयास आलेल्या उमेदवारास तीन प्रश्न

इ. स. २०२४ ची दिवाळी आटोपली होती, पण आकाशकंदील अद्याप उतरले नव्हते. तोच विधानसभेचे उमेदवार व त्यांची मंडळी सोलापुरात दारोदार हिंडू लागली. मतदान २० नोव्हेंबरला होते. एके सायंकाळी पाचसहा जण आमच्या ओट्यावर येऊन बसले. 'गुरुजी, कर कमी करू, विडीवरचा कर उठवू, बहिणींचे पैसे वाढवू,' असे एका दमात सांगून त्यांनी पत्रके हाती दिली आणि चहासही न थांबता ते पुढल्या घरी गेले. त्यांच्या पाठीमागे आमच्या घरात जो वाद झाला, तसा तो वाचकांच्या घरीही झाला असेल.

आमचे धाकटे बंधू म्हणाले, 'जो कर माफ करील त्याला मत.' त्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, 'मामंजी, घरखर्चाची वही माझ्याकडे असते. जमेच्या बाजूस काही न लिहिता खर्चाची बाजू वाढविली, तर महिनाअखेर आपणच मला जाब विचाराल. मग यांना का विचारू नये?' हा प्रश्न आम्हांस लाखमोलाचा वाटला. त्यातूनच पुढील तीन प्रश्न आम्ही बांधले आहेत.

पहिला प्रश्न: जो कर कमी करण्याचे वचन देता, तो आपल्या हाती आहे काय? प्राप्तिकर हा केंद्र सरकारचा. त्यात आमदाराचे काही चालत नाही. घरपट्टी महापालिकेची. राज्याच्या हाती मुख्यत्वेकरून मद्यावरील उत्पादनशुल्क, पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, मुद्रांकशुल्क, वाहनकर, वीजशुल्क आणि व्यवसायकर एवढे राहिले आहेत. वस्तु व सेवा कराचे दर जी परिषद सुचविते, तीत एकतृतीयांश वजन केंद्राचे आणि दोनतृतीयांश सर्व राज्यांचे मिळून आहे, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत लागते. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. १ जुलै २०१७ पासून विडीवर २८ टक्के कर बसला. तो १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले ते सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि तेही त्या परिषदेत. तेव्हा 'विडीवरचा कर उठवू' असे म्हणणाऱ्या उमेदवाराने खरे म्हणजे 'त्यासाठी खटपट करू' एवढेच म्हणावयास हवे होते. खटपट ही काही हलकी गोष्ट नव्हे. परंतु खटपट आणि वचन यांतील भेद मतदारास कळला पाहिजे.

दुसरा प्रश्न: देणार ते कोठून आणणार? 'लाडकी बहीण' योजनेत जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांस दरमहा १५०० रुपये मिळू लागले. निवडणुकीत महायुतीने २१०० रुपये देण्याचे वचन दिले, तर महाविकास आघाडीने ३००० रुपये देण्याचे. कर्जमाफीचे आश्वासनही दोन्ही बाजूंनी दिले. देण्याची यादी दोघांचीही लांबलचक होती; पण त्यासाठी नवा कर कोणता, हे ठळक अक्षरांत सांगण्याची कोणास निकड वाटली नाही. पुढे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेस ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले, २१०० ची वाढ त्यात आली नाही, आणि महसुली तूट ४५,००० कोटींच्या वर दाखविली गेली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले. ती वाढ योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. कर आला तो मत देऊन झाल्यावर, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

येथे आमच्या वर्गातील वाचकांस एक विनंती. 'लोकांना फुकट खाण्याची सवय लागली' असे म्हणून या प्रश्नाचा निकाल लावू नये. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईने त्या पंधराशेतून मुलीच्या शाळेचा खर्च भागविला, हे आम्ही पाहिले आहे. देणे वाईट नव्हे. जमाखर्च झाकून देणे वाईट.

म्हणून तिसरा प्रश्न: कर घेणार तो कशासाठी, हे निवडणुकीच्या आधी सांगाल काय? असे सांगून कर घेता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. खडी फोडावयास जाणारी कुटुंबेच्या कुटुंबे आणि कामावर वाटली जाणारी सुकडी अजून आठवते. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेस त्या काळी व्यापक रूप आले, आणि तिच्या खर्चासाठी १ एप्रिल १९७५ पासून राज्याने व्यवसायकर बसविला. शहरातील पगारदाराने द्यावे आणि खेड्यातील मजुरास काम मिळावे, असा तो सरळ व्यवहार होता. योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ मध्ये देशाने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यास या अनुभवाचा मोठा आधार मिळाला.

नोकरीस लागल्यावर पगारातून हा कर कापला जाई, तेव्हा आम्हीही कुरकुर केली, हे कबूल केले पाहिजे. पैसे कोठे जातात हे कळल्यावर ती थांबली. कालिदासाने रघुवंशात दिलीपराजाच्या करास सूर्याची उपमा दिली आहे: तो पाणी शोषितो ते पावसाच्या रूपाने कितीतरी पटींनी परत देण्यासाठी. वर्गात हा श्लोक शिकविताना आमची सोलापूरची मुले हसत. कारण येथे सूर्याचा अनुभव पुष्कळ आणि पावसाचा थोडा! परंतु त्या हसण्यातच मतदाराचा सारा हक्क सामावला आहे. शोषिले किती आणि वर्षले किती, हे विचारण्याचा तो हक्क होय.

असो. पुढील निवडणुकीस जी मंडळी दारी येतील, त्यांस बसवून चहा अवश्य द्यावा. मात्र प्रश्न विचारण्याचे काम घरात ज्यांच्याकडे खर्चाची वही असेल त्यांच्याकडेच सोपवावे.