सुईत सलाइन, भाव दीड हजार डॉलर!

मूळपेशींचा उपचार पाहायला करंजाडेकरांना जपान गाठायला नको, खारघर पुरे. तिथल्या टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात रक्ताच्या कर्करोगावर बोनमॅरो प्रत्यारोपण होतं, म्हणजे मूळपेशींचंच. पण हात थरथरणाऱ्या आजोबांना घेऊन तिकडे धावू नका. त्या पेशी रक्त तयार करतात. आजोबांच्या पार्किन्सन्समध्ये मरतात त्या मेंदूतल्या, डोपामिन बनवणाऱ्या.

आता गंमत ऐका. २०१५ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. पार्किन्सन्सच्या १२ रुग्णांना दोन इंजेक्शनं दिली होती. एक १०० डॉलरचं, दुसरं १५०० चं, असं सांगून. दोन्हींत निव्वळ सलाइन! तरी ‘महागड्या’ सुईनं हालचाल जास्त सुधारली. हसू नका. आशेनंसुद्धा मेंदू खरंखुरं डोपामिन सोडतो, हे २००१ मध्येच स्कॅनवर दिसलं होतं. तेव्हा ‘अमक्याच्या काकांनी सुई घेतली नि ते चालायला लागले’ ही थाप नसेलही; पुरावा मात्र नाही.

हा चकवा टाळायला डॉक्टर काय करतात? २००१ च्याच एका अमेरिकी प्रयोगात ४० रुग्ण होते. निम्म्यांच्या मेंदूत गर्भातल्या पेशी सोडल्या. तुलनेसाठी उरलेल्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली, तीही रुग्ण जागा असताना! साठीच्या आतल्यांना थोडा गुण आला, पण काहींचं अंग पुढे औषध थांबवलं तरी वळवळत राहिलं.

बंगळुरूत ७ जणांच्या स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी मेंदूत सोडल्या, तिघे सुधारले (२०१०). तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे वरच्या सलाइनची आठवण येतेच.

जपानमधल्या क्योटोची बातमी जास्त दमदार. तिथे दात्याच्या पेशींपासून डोपामिनच्या पेशी घडवल्या आणि एकेका रुग्णाला ५० लाख ते १ कोटीच्या घरात दिल्या. २०२५ मध्ये निकाल आले. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही, तपासलेल्या सहांपैकी चौघांची हालचाल सुधारली. आकडा लहान आहे, पण मला तरी हे आशेचं वाटतं.

आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. पार्किन्सन्ससाठी मूळपेशी म्हणजे प्रयोगच. तो सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदवलेला हवा आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून आधी नोंदणी क्रमांक मागा. समोरचा ‘पॅकेज’ आणि ‘सवलत’ बोलू लागला, की चपला घालायच्या.