निकाहचे फोटो आणि रोखीत उभा राहणारा कॉम्प्युटर

मालवणीत आणि खाडीपलीकडच्या मनोरीत लग्नाचे फोटो काढणारी तरुण मुलं आता बरीच झाली आहेत. मार्वेच्या जेट्टीवरून फेरी पकडली की समोर किनारा, बंगले, रिसॉर्ट. शूटला जागेची कमी नाही. कॅमेरा कसाबसा घेतला जातो, गाडी अडते ती पुढे. एडिटिंगला कॉम्प्युटर कुठला घ्यावा आणि तो व्याजाच्या हप्त्यावर न घेता कसा घ्यावा, हे दोन प्रश्न आमच्याकडे नेहमी जोडीनेच येतात.

आमचं उत्तर: डेस्कटॉप घ्या, आणि टप्प्याटप्प्याने घ्या. लॅपटॉपचे पैसे एकाच दिवशी मोजावे लागतात, आणि आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. डेस्कटॉप आज निम्मा घेऊन पुढच्या सीझनच्या कमाईतून पुरा करता येतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’चं म्हणाल तर, शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच मनाई केली होती. आता बहुतेक ठिकाणी व्याज लावलेलं असतंच, तेवढी रक्कम सवलत म्हणून वजा दाखवतात, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून जातो. जायज-नाजायजचा मसला आपल्या आलिमांना विचारा. आम्ही फक्त पावतीवर काय लिहिलेलं असतं ते सांगतोय.

लॅमिंग्टन रोडला गेलात की दुकानदार आधी रंगीत दिव्यांचा गेमिंग पीसी दाखवतो. त्यात निम्मा पैसा ग्राफिक्स कार्डात जातो. फोटोच्या कामाला पहिल्या दिवशी त्याची गरज नाही. सहा कोअरचा, अंगचंच ग्राफिक्स असलेला कोअर आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह दर्जाचा प्रोसेसर पुरतो. मात्र इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीन लागणारच नाही. स्वस्त मिळतो म्हणून तोच गळ्यात मारला जातो. रायझन घेताना हेच तोंडी विचारून घ्या.

रॅम 16 जीबी, त्याखाली नको. ती 16 च्या एकाच स्टिकमध्ये घ्या, म्हणजे दुसरा स्लॉट मोकळा राहतो. दोन स्टिक लावल्या तर वेग थोडा जास्त मिळतो हे खरं, पण नंतर 32 करायचे झाले तर जुनी फेकावी लागत नाही, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, तेव्हा दोन-चार दुकानं फिरूनच घ्या.

ग्राफिक्स कार्ड कधी? लाइटरूममध्ये 2023 साली एआय डीनॉइज आलं. हॉलच्या मंद उजेडात आयएसओ वाढवून काढलेले दाणेदार फोटो त्याने साफ होतात, पण ते काम सगळं कार्डावर चालतं. अंगच्या ग्राफिक्सवर एका फोटोला मिनिटं लागू शकतात. रोज शेकडो फोटोंवर ते वापरायची वेळ आली की 8 जीबी मेमरीचं कार्ड घ्या. तोवर तो पैसा मॉनिटरला द्या.

कारण मॉनिटर चुकला तर सगळंच चुकतं. दुल्हनचा लाल जोडा स्क्रीनवर छान दिसतो आणि अल्बममध्ये नुसता लाल डाग होऊन येतो, जरीचं काम गायब. आयपीएस पॅनल आणि जवळजवळ पूर्ण एसआरजीबी, एवढं बॉक्सवर बघा. जमल्यास 27 इंची क्यूएचडी, नाहीतर 24 इंची फुल एचडी. ब्राइटनेस उतरवून ठेवा. भडक स्क्रीनवर एडिट केलेले फोटो छापल्यावर काळपट येतात. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर मॉनिटरच्या मागची तेवढी जागा फिक्या राखाडी रंगाने रंगवून घ्या. डोळा फसतो.

आता साठवण. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची. निकाह आणि वलिमा मिळून 3,000 फोटो झाले की 75 ते 90 जीबी. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी, साध्या एनव्हीएमई एसएसडीचा दोन-तीन हजार. म्हणून चालू काम 1 टीबीच्या एनव्हीएमईवर आणि जुनं काम हार्ड डिस्कवर. पण डिस्क कुठलीही घ्या, ती एक दिवस जाणारच. प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात. अल्बम हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्डही पुसू नका. रुखसतीचा क्षण परत शूट करता येत नाही.

आणि हे फोटो अमानत आहेत. जनानखान्यातले फोटो एखाद्या घराने विश्वासाने काढू दिले, आणि तीच डिस्क उघडी, कुलूप न लावता रिपेअरिंगच्या दुकानात गेली, तर जबाबदारी आपली. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर चालू करा, नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. हरवला तर फोटोही गेले. जुनी डिस्क भंगारात किंवा सेकंडहँड विकू नका. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. फोडून टाका.

समुद्राकाठी राहणाऱ्यांचा खर्च थोडा वेगळा. खारी दमट हवा सांधे आणि पिना गंजवते, म्हणून कॅबिनेट जमिनीवर किंवा खिडकीखाली नको, आणि पावसाळ्यात मशीन चार-चार दिवस बंद ठेवू नका. पॉवर सप्लाय लोकल घेऊ नका. तो गेला तर बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता यूपीएस पहिल्याच टप्प्यात हवा. कार्ड नसलेल्या मशीनला 600 व्हीएचा चालतो, पुढे कार्ड लावणार असाल तर आताच 1,000 च्या पुढचा घ्या.

पक्कं बिल घ्या. त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असला पाहिजे, वॉरंटी त्यावरच मिळते. मॉनिटरचा खोका आणि आतलं थर्माकोल जपून ठेवा. वॉरंटीसाठी तो परत शहरात न्यायची वेळ आली तर एक फेरी, नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा, आणि गादीच्या चादरीत गुंडाळलेला मॉनिटर दोन्हीकडे सारखाच फुटतो.