न्यूमोनियाची लस झाली, तरी बाळाचा श्वास मोजा

“न्यूमोनियाची लस दिलीय, आता बाळाला काही होत नाही.” जव्हार-मोखाड्यासारख्या भागात हा समज बाळाच्या जिवावर बेतू शकतो. 2021 पासून देशभर मोफत मिळणारी पीसीव्ही लस न्यूमोकोकस या जीवाणूपासून वाचवते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना, हे तिचे तिन्ही डोस घ्यायलाच हवेत. पण तान्ह्या बाळांची छाती भरते त्यामागे अनेकदा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो, आणि त्याला पीसीव्ही अडवत नाही.

तो म्हणजे नुसती सर्दी, असंही म्हणतात. मोठ्यांना बहुधा तेवढंच होतं. मुलांचं तसं नाही: जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे 1 लाख मुलं या विषाणूने दगावतात आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास सहा महिन्यांचीही झालेली नसतात. मेळघाटातल्या आदिवासी गावांत झालेल्या अभ्यासात घरीच दगावलेल्या बालकांमध्येही तो सापडला. 

ताप नाही म्हणून थांबू नका. अगदी लहान बाळाला तापाशिवायही धाप लागते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा बाळ पिईना, तर भगताकडे न जाता तडक दवाखाना गाठा. तिथे “सुई द्याच” असा हट्ट नको. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही; गरज असते ती ऑक्सिजनची आणि पोटात दूध जाण्याची.

आरएसव्हीची लस बाळाला टोचत नाहीत. ती गरोदर आईला शेवटच्या तिमाहीत देतात, किंवा बाळाला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये दोन्हींची शिफारस केली. आपल्या मोफत लसीकरणात मात्र यातलं काही नाही. ते येईल तेव्हा सुरुवात अशाच तालुक्यांपासून व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

आजी-आजोबांसाठीही आरएसव्हीची लस निघाली आहे. अमेरिकेत ती 2023 मध्ये मंजूर झाली. फ्लूची लस तिचं काम करत नाही. एकदा होऊन गेलेला आरएसव्ही पुन्हा होतो, म्हणून खोकणाऱ्या मोठ्यांनी बाळाला जवळ घेताना तोंडावर फडकं बांधावं.

आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघताना लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. पीसीव्हीचा राहिलेला डोस भिवंडी-वसईच्या सरकारी केंद्रातही मोफतच मिळतो.