नाव, पत्ता, तारीख : अर्जाचा रकाना कसा असावा?

शासकीय योजना नागरिकापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी म्हणजे अर्ज. त्यातील नाव, पत्ता व जन्मतारीख हे तीन रकाने दिसावयास साधे; परंतु शिष्यवृत्ती, वारसनोंद किंवा निवृत्तिवेतन अनेकदा येथेच अडते. माळव्यातील धार व देवास येथील मराठी कुटुंबांच्या उदाहरणावरून हा प्रश्न चांगला समजतो. अठराव्या शतकात पवारांनी तेथे राज्ये स्थापिली व त्यांच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे तेथे वसली. ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. १९५६ पासून हा प्रदेश मध्य प्रदेशात आहे. त्यामुळे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी या कुटुंबांची स्थिती आहे.

नावाचा रकाना

मराठी रीतीप्रमाणे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव मिळून पूर्ण नाव होते. हिंदी अर्जात बहुधा व्यक्तीचे नाव एका रकान्यात व पित्याचे किंवा पतीचे दुसऱ्यात असते. मग मधले नाव एका कागदावर येते, दुसऱ्यावर गळते, आणि एकाच व्यक्तीची दोन नावे होतात. खुद्द 'पवार' हे आडनाव तेथे 'पंवार', 'पुआर' असेही लिहिलेले आढळते. विवाहित स्त्रीची अडचण अधिक. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, तर शिधापत्रिकेवर सासरचे.

१९४८ पासून देवास येथे राहिलेले थोर गायक कुमार गंधर्व यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. 'कुमार गंधर्व' ही बालपणी मिळालेली पदवी होय. 'कुमार' हे नाव व 'गंधर्व' हे आडनाव अशी फोड करणे चुकीचेच ठरेल.

म्हणून पूर्ण नावासाठी एकच लांब रकाना ठेवावा. आडनाव सक्तीचे नसावे. 'पूर्वीचे अथवा अन्य नाव' असा वेगळा रकाना द्यावा. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरविण्यात आला आहे. रीत बदलते, तसा रकानाही बदलता येतो, हे यावरून दिसते.

पत्त्याचा रकाना

विलीनीकरणापूर्वी देवास गाव एक, पण संस्थाने दोन होती : थोरली पाती आणि धाकटी पाती. नुसते 'देवास' लिहून त्या काळी कचेरी कळत नसे. आज अडचण निराळी आहे. धार जिल्ह्यातील भिल्ल वस्त्यांत घर ओळखले जाते ते 'फलिया'वरून. महाराष्ट्रात तसेच पाड्यावरून किंवा वाडीवरून. तेथे घर क्रमांक व रस्ता सक्तीचे केल्यास अर्जदार काहीतरी लिहून मोकळा होतो. पाडा, वस्ती व जवळची खूण लिहिण्यास मोकळी ओळ द्यावी. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेला सहा अंकी पिन क्रमांक उपयुक्त खरा. पण तो टपाल क्षेत्र दाखवितो, घर नव्हे.

तारखेचा रकाना

वडीलधारी माणसे जन्म तिथीने सांगतात. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. त्यामुळे मराठी घरातील श्रावण वद्य अष्टमी ही तेथील भाद्रपद कृष्ण अष्टमी होय. हा भेद ध्यानात न घेता तारीख काढली, तर एका महिन्याचा फरक पडतो. शालिवाहन शक व विक्रम संवत यांत तर १३५ वर्षांचे अंतर आहे. तिथीबरोबर कोणते पंचांग व कोणता शक, हे विचारलेच पाहिजे.

जन्मतारीख ठाऊक नसल्यास शाळेत १ जून लिहिण्याची प्रथा अनेक गावांत होती. अशी तारीख पुढे नोकरी व निवृत्तीपर्यंत माणसाचा पाठपुरावा करते. म्हणून दिवस, महिना, वर्ष असे तीन स्पष्ट रकाने असावेत आणि 'नक्की' की 'अंदाजे' हे नोंदविण्याची सोय असावी. अंदाजे वय नोंदविण्याची सोय आधार नोंदणीत आहे. अशा वेळी केवळ जन्मवर्ष छापले जाते.

अर्ज तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक रकान्याची गरज प्रथम तपासावी. ग्रामसेवक व शिक्षक यांनी नोंद करताना ती अर्जदारास वाचून दाखवावी, आणि नागरिकांनीही ती ऐकून मगच सही करावी. दोन मिनिटांचे हे काम पुढील कित्येक हेलपाटे वाचविते.