झाडावरचं गिधाड, कड्यावरचं गिधाड

गडमुडशिंगीच्या माथ्यावरून उजळाईवाडीच्या विमानतळाकडे विमान निघालं की पोरं माना वर करतात. त्यांच्या आजोबांच्या माना वेगळ्याच कारणानं वर जायच्या. गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळात ठिपके फिरू लागत आणि बघता बघता नुसता सांगाडा उरे.

आपण सगळ्यांनाच सरसकट ‘गिधाड’ म्हणून मोकळे झालो. पण महाराष्ट्रात त्यांत मुख्य दोन जाती. पांढऱ्या पाठीचं, म्हणजे ‘जिप्स बेंगालेन्सिस’, आणि लांब चोचीचं ‘जिप्स इंडिकस’. दोघंही घारी-गरुडांच्याच कुळातले. पहिल्याच्या शेपटीत पिसं बारा, बहुतेक जिप्स भाऊबंदांच्या चौदा; तेवढ्यावरून शास्त्रज्ञांनी एकेकाळी त्याला वेगळ्या प्रजातीत बसवलं होतं! लांब चोचीच्याही घरात वाटण्या झाल्या. हिमालयाच्या पायथ्याचा त्याचा सडपातळ चोचीचा भाऊ आता स्वतंत्र जात मानला जातो.

पांढऱ्या पाठीचं घरटं उंच झाडावर. कोकणात श्रीवर्धनकडे तर नारळावरसुद्धा. लांब चोचीच्याला हवा सह्याद्रीचा कडा. पहिल्याचा मुलूख पार कंबोडियापर्यंत, दुसऱ्याचा प्रामुख्यानं भारतीय द्वीपकल्पात.

आणि दोघांचं नशीब मात्र एकच. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची हजारातली जेमतेम एक उरली, लांब चोचीची शंभरातली तीन. आज दोन्ही जाती जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत. घातपाताचा संशय रोगावर होता. २००४ साली खरा गुन्हेगार सापडला: डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या जनावराला टोचायचं साधं वेदनाशामक! ते जनावर लवकरच मेलं, तर त्याच्या मांसातून गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरात एकाहूनही कमी जनावरं अशी विषारी निघाली, तरी हा संहार घडायला पुरे.

२००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. पण माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली एका बाटलीत तीन मिलिलिटरहून जास्त भरायला मनाई झाली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही गेली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. म्हैस दुखावली की डॉक्टरांना सुईतल्या औषधाचं नाव विचारावं. त्यात कसला आलाय संकोच?

घाई मात्र गिधाडाला जमत नाही. वर्षाला अंडं एकच, आणि त्यातलं पिल्लू स्वतः घरटं बांधायच्या वयाला यायला चार-पाच वर्षं.