खरखरीचा पत्ता

रेडिओतली खरखर कुठकुठून येते हे एकाच जागी बसून समजून घ्यायचं असेल, तर बोईसरजवळचं बेटेगाव फार सोयीचं. जवळून पश्चिम रेल्वे जाते, डोक्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट घेऊन. तिच्यापलीकडे तारापूरची एमआयडीसी, तिथल्या मोटारी आणि वेल्डिंग. किनाऱ्यावर 1969 पासून चालू असलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि तिथून निघालेल्या उच्च दाबाच्या वाहिन्या. त्यात समुद्राची खारी हवा, आणि मे महिना सरता सरता गडगडत येणारे वळवाचे ढग. मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर लावला की ही सगळी मंडळी एकदम बोलू लागतात.

कारण एकच. विजेची ठिणगी उडाली की रेडिओ लहर निघते, मग ती ढगातली असो, मिक्सरमधली असो की आगगाडीच्या टपावरून तारेला टेकणाऱ्या पेंटोग्राफवरची. 1887-88 मध्ये हाइनरिश हर्ट्झने रेडिओ लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगी पाडूनच. त्यामुळे बिचाऱ्या रेडिओला बातम्या आणि ठिणग्या दोन्ही सारख्याच नात्याच्या. गेली सव्वाशे वर्षं खरखर कमी करायला झटलेल्या माणसांनी सर्वांत आधी केलं ते तिचा पत्ता शोधण्याचं काम, आणि त्या शोधाशोधीतून जे हाती लागलं ते खरखरीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

आधी खरखर, मग रेडिओ

7 मे 1895. रशियात अलेक्झांडर पोपोव्हने रेडिओ लहरी टिपणारं एक उपकरण दाखवलं. पुढे त्यात सुधारणा करून त्याने ते लांबवरच्या विजांची नोंद करायला लावलं. म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या रेडिओ ग्राहकयंत्रांपैकी एकाचं कामच मुळी खरखर ऐकण्याचं होतं! पुढे संदेश पाठवायला सुरुवात झाली तेव्हा हाच गुण आड आला. ढगात वीज चमकली की कागदी फितीवर मोर्सचे खोटे टिंब उमटायचे, आणि तार कोणाची, आभाळाची की माणसाची, हे कळेना.

यावर एक फार सुंदर तोडगा निघाला. यंत्राला जे जमत नव्हतं ते माणसाच्या कानावर सोपवलं. ठिणग्या सेकंदाला शेकड्याने पाडल्या की हेडफोनमध्ये शिट्टीसारखा सूर येतो. विजेची खरखर बेसूर, संदेश सुरात. कान तो सूर बरोबर पकडतो. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीच्या अशा यंत्रांना ‘गाणारी ठिणगी’ असंच नाव पडलं होतं.

दौंडचे कान विलायतेकडे

दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वे जंक्शन आठवतं. पण 1927च्या सप्टेंबरात भारत आणि इंग्लंड यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि झेलणारं दौंडला. दोन्ही वेगळी ठेवायचं कारण उघड आहे : शेजारी एवढा मोठा प्रेषक गर्जत असताना इंग्लंडहून आलेली क्षीण कुजबुज ऐकू येणार कशी?

त्याआधीच्या योजना हजारो मीटर लांबीच्या लहरींच्या होत्या. त्या लहरींवर उष्ण प्रदेशातल्या विजांचा गोंगाट सर्वांत जास्त. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिनने लघुलहरींच्या एरियलचे पडदेच्या पडदे उभारून हा प्रश्न सोडवला. असा पडदा एका ठरावीक दिशेने आलेलं तेवढंच झेलतो. बंगालच्या उपसागरावर वादळ घोंगावत असलं तरी दौंडचे कान इंग्लंडकडे लागलेले! खरखर कमी करण्याची ही रीत आजही सर्वांत भरवशाची आहे, आणि ती घरच्या ट्रान्झिस्टरलाही लागू पडते.

बेटेगावात रेडिओ कसा ठेवावा?

पूर्व-पश्चिम! मीडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरच्या आत पेन्सिलीएवढी काळी फेराइटची काडी असते, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. तीच एरियल. बहुतेक संचांत ती लांब बाजूला समांतर बसवलेली असते. तिच्या अंगावर आडवी येणारी लहर ती सर्वांत चांगली पकडते. टोकाच्या दिशेने येणारी लहर मात्र तिला जवळजवळ ऐकूच येत नाही.

आता नकाशा बघा. आकाशवाणी मुंबईचे मीडियम वेव्हचे प्रेषक मालाडला, म्हणजे बेटेगावच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटरवर. एमआयडीसी आणि तारापूर पश्चिमेला. तेव्हा काडी पूर्व-पश्चिम ठेवली की दक्षिणेकडची 558 किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी तिच्या अंगावर येते आणि कारखान्यांची खरखर टोकावर. एकाच हालचालीत दोन्ही कामं.

ही युक्ती उलटीही चालते. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा, आवाज मोठा करा आणि संच हळूहळू फिरवत राहा. खरखर जिथे सर्वांत कमी होईल तिथे काडीचं टोक गुन्हेगाराकडे वळलेलं असतं. बहुतेक वेळा तो मोबाइलचा स्वस्त चार्जर किंवा एलईडी दिवा निघतो. जहाजं आणि विमानंही याच तत्त्वावर आपली दिशा ठरवत होती. घरातल्या वायरिंगमधून सगळीकडे पसरलेली खरखर मात्र अशी एका दिशेला सापडत नाही, तिला वेगळं औषध लागतं.

स्टार्टरच्या पोटात

ते औषध तुमच्या घरात असेल. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर उघडून पाहा. आत काचेचा चिमुकला दिवा दिसतो, आणि त्याला चिकटून एक बारीकसा कंडेन्सर. ट्यूब पेटायला त्याची गरज मुळीच नाही. तो मुख्यतः शेजारच्या रेडिओसाठी आहे! स्टार्टरची पट्टी उघडते-मिटते तेव्हाची ठिणगी तो गिळतो, म्हणून खरखर तारांवर चढत नाही. मिक्सरच्या कार्बन ब्रशजवळ, शिलाई मशीनच्या मोटारीवर असेच कंडेन्सर बसवतात. मोटारगाडीच्या स्पार्क प्लगमध्येही खास यासाठी रोध घातलेला असतो. कुणाला ऐकू न येणाऱ्या गोष्टीसाठी, कुणी न मागता, इतकी वर्षं हा सुटा भाग मुकाट्याने काम करत आला याचं मला फार कौतुक वाटतं.

मुंबईची पहिली तक्रार

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ताकद अवघी 1.5 किलोवॉट. आणि वेळ पाहा : मुंबईत ट्राम 1907 पासून विजेवर, बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी 1925 पासून, आणि 1928च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवलीही विजेवर. तारेशी घासून उडणाऱ्या ठिणग्या शहरभर, आणि भर पावसाळ्यात एवढंसं केंद्र.

त्या काळच्या श्रोत्याकडे उपाय दोनच, एरियल आणि अर्थिंग. एरियल घराच्या छपरावर, दोन बांबूंमध्ये ताणलेली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर. ती जितकी उंच, तितकी घरातल्या वायरिंगच्या गोंगाटापासून दूर. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, वर मीठ आणि कोळसा, आणि उन्हाळ्यात आठवणीने ओतलेलं बादलीभर पाणी. जमीन कोरडी पडली की अर्थिंग दुबळी आणि आवाज गढूळ. खिडकीपाशी चाकूसारख्या पात्याचा एक स्विच असे. ढग दाटले की पातं खाली पाडायचं, म्हणजे एरियल रेडिओपासून सुटून थेट जमिनीला जोडली जाई. पुढे ठाण्याला मर्फी कंपनीच्या कारखान्यात संच तयार होऊ लागले. बेटेगावचा पालघर भाग 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असल्याने ‘आपल्या जिल्ह्यातला रेडिओ’ असं म्हणायला हरकत नव्हती.

पाऊस आला आणि खरखर गेली

किनाऱ्यावरच्या गावांत पावसाने खरखर जाते, आणि त्याला कारण आहे. समुद्राचं मीठ विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरवर साचतं. रात्रीच्या दवाने ते ओलं झालं की त्यावरून वीज झिरपते, बारीक ठिणग्या उडतात आणि पहाटे रेडिओ करकरतो. पहिली जोरदार सर मीठ धुऊन नेते आणि आवाज स्वच्छ!

उच्च दाबाच्या वाहिन्यांचं मात्र नेमकं उलटं. तारेवर पाण्याचे थेंब लोंबले की प्रत्येक थेंबाच्या टोकाशी हवा फुटते, चिरचिर आवाज येतो आणि खरखर वाढते. एकाच गावात, एकाच पावसात, एका घरचा रेडिओ सुधारतो आणि दुसऱ्या घरचा बिघडतो. दोघांचंही खरं असतं.

सकाळी का बरं ऐकू येतं?

वादळी ढग बहुधा दुपारनंतर उभे राहतात. त्यात दिवसा वातावरणाचा एक वरचा थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, त्यामुळे दूरच्या विजा ऐकू येत नाहीत. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या विजाही घरात येऊन करकरतात. जगभरात दर सेकंदाला सरासरी 40हून जास्त विजा चमकतात, ही बेरीज लक्षात घेतली की रात्रीची खरखर समजते. पुणे केंद्रावरून 1955च्या रामनवमीला सुरू झालेलं ‘गीतरामायण’ वर्षभर घराघरांत ऐकलं गेलं ते सकाळी. विजांच्या दृष्टीने दिवसातली सर्वांत शांत वेळ तीच.

उष्ण प्रदेशांची ही अडचण साऱ्या जगाने मान्य केली. मीडियम वेव्हवर विजांचा त्रास फार, म्हणून 60, 90 आणि 120 मीटरच्या आसपासचे लघुलहरींचे पट्टे खास आपल्यासारख्या देशांतल्या प्रसारणासाठी राखले गेले. त्यांना ‘ट्रॉपिकल बँड’ म्हणतात. आकाशवाणी मुंबई 4840 किलोहर्ट्झवर बोलायची ती यातल्याच 60 मीटरच्या पट्ट्यात.

खोडदपर्यंत पोचलेला धागा

अमेरिकेतल्या बेल लॅबने कार्ल जान्स्कीला काम दिलं होतं : अटलांटिकपलीकडच्या बिनतारी दूरध्वनीत येणारी खरखर कुठून येते ते शोध. त्याने फोर्ड गाडीच्या चाकांवर गोल फिरणारी भलीमोठी एरियल बांधली. तीन प्रकार सापडले : जवळच्या विजा, दूरच्या विजा, आणि एक सततची मंद सूं-सूं. ही सूं-सूं रोज 4 मिनिटं लवकर यायची. तारेही रोज 4 मिनिटं लवकर उगवतात! 1933 मध्ये त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीच्या तपासातून झाला.

आपल्याकडे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये कल्याणला छोट्या तबकड्या उभारून सूर्य ऐकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली : 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. जागा निवडताना एक मोठी अट होती, रेडिओची शांतता. तरीही विजेच्या तारांवरच्या ठिणग्या तिथेही पोचतात.

त्यावरचा उपाय जुनाच आहे. 1936 मध्ये जेम्स लॅम्बने एक मंडल मांडलं होतं : ठिणगीचा ठोका आला की तेवढा क्षण रेडिओच बंद करायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी ही पोकळी कानाला कळतही नाही. सुधारित जीएमआरटीत विजेच्या तारांची खरखर येता येता ओळखून तेवढाच तुकडा बाजूला काढणारी यंत्रणा आहे. साधनं संगणकाची, कल्पना तीच.

ग्लासातलं पाणी

अमेरिकन इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँगने खरखरीशी भांडणच सोडलं. वीज लहरीची उंची बदलते ना? मग उंचीत काही सांगायचंच नाही. आवाज लहरीच्या कंपनसंख्येत भरायचा आणि ग्राहकयंत्रात उंची सपाट छाटून टाकायची. 5 नोव्हेंबर 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेत त्याने हे ऐकवलं. दूरच्या प्रेषकावर ग्लासात पाणी ओतलं, कागद चुरगाळला, आणि सभागृहात ते जसंच्या तसं ऐकू आलं. रेडिओवर तोवर शांतता कुणी ऐकलीच नव्हती. हेच एफएम. भारतात ते 23 जुलै 1977 रोजी मद्रासला सुरू झालं, मुंबई केंद्राच्या उद्घाटनाला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी.

आणि आता खरखरच जीव वाचवते

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने देशभर संवेदक बसवले आहेत. वीज पडली की निघणारी रेडिओ लहर प्रत्येक संवेदकाकडे किंचित वेगळ्या वेळी पोचते, आणि त्या फरकावरून वीज कुठे पडली ते ठरतं. म्हणजे पोपोव्हचंच काम. त्यावर ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप चालतं, तुमच्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत विजा असतील तर इशारा देतं. परतीच्या पावसात, ऐन भातकापणीला, पालघरच्या खाचरांत माणसं उघड्यावर असतात आणि तेव्हाच विजा पडतात. ॲप फुकट आहे. ते घरातल्या प्रत्येक फोनवर घ्या, आणि ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांना इशारा आला की हाक मारून सांगा.