जिवाणूंसाठी जेलचं चिलखत

कढीला उकळी फुटली की दह्यातले बहुतेक जिवाणू मरतात. चव राहते, प्रथिनंही राहतात. पण त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केलेल्या प्रोबायोटिकच्या व्याख्येतला पहिला शब्दच ‘जिवंत’ आहे.

उकळलं नाही, तरी जिवाणूंना आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणं सोपं नसतं. साठवणुकीत उष्णता आणि ऑक्सिजन त्रास देतात, मग जठरातलं आम्ल.

त्यावरचा एक उपाय म्हणजे मायक्रोएनकॅप्सुलेशन, सूक्ष्म आवरण. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळतात आणि त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडतात. झाऱ्यातून बुंदी पाडावी तसे थेंब पडतात आणि लगेच जेलचे मणी होतात. फक्त इथे तापलेलं तेल नाही, म्हणून जिवाणू जगतात. जठरातल्या आम्लात हे जेल आकसतं, पण विरघळत नाही. पुढे आतड्यात आम्लता ओसरली की ते फुगून सुटतं आणि जिवाणू बाहेर येतात.

मणी मोठा केला तर संरक्षण वाढतं, पण दही जिभेला रवाळ लागतं. मग मुलं वाटी बाजूला सारणारच! म्हणून मणी बारीक ठेवून वर कायटोसानचा पातळ लेप देतात.

जेलला सूक्ष्म छिद्रं असतात, उकळीपुढे त्याचा फारसा टिकाव लागत नाही. तेव्हा प्रोबायोटिक पावडर गरम दुधात नको, थंड किंवा कोमट दुधात ढवळा. आणि विकत घेताना पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव व अंतिम तारखेपर्यंत जिवंत राहणारी संख्या छापली आहे का, तेही पाहा.